दुसरा लाडू कोण देणार?

गेल्या काही महिन्यांत तो व्हिडिओ माझ्याकडे चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. टेबलाशी बसलेलं चार-पाच वर्षांचं मूल, समोर बशीत एक मार्शमेलो, म्हणजे साखरेचा मऊ, फुगीर गोळा. बाई सांगून जातात, "मी परत येईपर्यंत खाल्लं नाहीस तर दोन मिळतील." मग कुणी त्याचा वास घेतं, कुणी हळूच बोट लावून चाटतं, कुणी टेबलावर डोकं टेकून डोळे मिटतं आणि कुणी सरळ तोंडात टाकून मोकळं होतं. खाली ठरलेला मजकूर असतो: जी थांबली ती आयुष्यात पुढे गेली, जी थांबली नाहीत ती मागे पडली, आणि रील बघत जेवणाऱ्या आजच्या मुलांचं काही खरं नाही. त्याखाली कुणीतरी हटकून लिहितं, "बाळाचे पाय पाळण्यात दिसतात." तितक्याच हटकून दुसरं कुणीतरी लिहितं, "तो प्रयोग केव्हाच खोटा ठरलाय, सगळा खेळ घरच्या पैशाचा आहे." मग भांडण. (संयमाचे सुविचार रोज सकाळी पाठवणारे आमचे एक स्नेही कोथिंबिरीची जुडी दहा मिनिटांच्या डिलिव्हरीनं मागवतात, ते सोडा.)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वाट पाहणं हा व्यवहार आहे आणि व्यवहाराला दोन पक्ष लागतात. एका बाजूला मूल असतं, दुसऱ्या बाजूला "परत येते" म्हणून दार लावून गेलेलं मोठं माणूस. पन्नास-साठ वर्षं आपण कॅमेरा मुलावर रोखून बसलोय. संयमाला किंमत आहे, मोठी किंमत आहे, हे मी नाकारत नाही. पण मुलाचा संयम लिहायच्या पानावरच शब्द देणाऱ्याची पतही लिहायला हवी. ती न लिहिता काढलेला निकाल अर्धवट असतो, मग तो "मूल उतावळं आहे" असा असो की "मूल गरीब आहे" असा.

मुळात हा प्रयोग भविष्य सांगण्यासाठी नव्हताच. वॉल्टर मिशेल हे त्याचे कर्ते. जन्म १९३० चा, व्हिएन्नातला. नाझींच्या तावडीतून निसटून कुटुंब अमेरिकेत आलं. साठच्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालवाडीत त्यांनी पाहायला घेतलं ते इतकंच, की लहान मूल मोहापुढे टिकतं तेव्हा नेमकं काय करतं? आणि उत्तर थक्क करणारं होतं. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन्ही खाऊ मुलांच्या डोळ्यांसमोर ठेवले तेव्हा ती सरासरी जेमतेम एक मिनिट थांबली. दोन्ही खाऊ नजरेआड ठेवले तेव्हा अकरा मिनिटांच्या वर. वयं तीच, बालवाडी तीच, प्रयोग घेणारेही तेच. फरक फक्त खाऊ दिसतोय की नाही याचा. पुढच्या प्रयोगांत मुलांना सांगितलं, हे मार्शमेलो म्हणजे गुबगुबीत ढग आहेत असं समज, तर त्यांचं थांबणं पुन्हा लांबलं. म्हणजे ज्याला आपण मुलाच्या स्वभावाचा अढळ दगड समजतो, तो एका झाकणानं आणि एका कल्पनेनं इकडचा तिकडे होतो.

हे आमच्या आजीला कुठल्याही विद्यापीठाशिवाय ठाऊक होतं. दिवाळीच्या आठ दिवस आधी चकल्या तळून झाल्या की डबे माळ्यावर जायचे आणि शिडी शेजारच्यांकडे. आम्हा नातवंडांच्या संयमावर तिनं एक दिवसही विसंबून पाहिलं नाही. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नान आटोपून ओल्या केसांनी पाटावर बसलो की डबा खाली आलेला असायचाच. एकाही वर्षी चुकला नाही.

मग बालवाडीतल्या या खेळाची पत्रिका कशी झाली? मिशेल यांच्या तीन मुली त्याच बालवाडीत होत्या. पुढे घरी जेवताना त्यांच्या वर्गमित्रांच्या गोष्टी निघत, कोण कसं निघालं वगैरे, आणि बापाला शंका आली की तेव्हाच्या मिनिटांचा याच्याशी संबंध असेल का. १९६८ ते १९७४ या काळात साडेसहाशेहून जास्त मुलं या प्रयोगांतून गेली होती. त्यांच्या पालकांना पत्रं गेली, काहींची उत्तरं आली. १९९० सालच्या गाजलेल्या निबंधात कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेतल्या गुणांशी ठळक संबंध दिसला तो एकाच परिस्थितीतल्या मुलांचा, जिथे खाऊ उघड्यावर होता आणि काय विचार करायचा हे कुणी सुचवलं नव्हतं. ही मुलं किती? ३५. तीही बहुतेक विद्यापीठातल्या प्राध्यापकांची आणि संशोधकांची. लेखकांनी सावधगिरीचा इशारा तिथेच दिला होता. पण १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या भावनिक बुद्धिमत्तेवरच्या खपाऊ पुस्तकानं ही गोष्ट घरोघरी नेली, आणि इशारे घरोघरी जात नसतात.

यातली गंमत बघा. ज्या माणसाच्या नावावर आपण "स्वभाव पाळण्यातच दिसतो" हे खपवतो, त्यानं १९६८ साली व्यक्तिमत्त्वाच्या मानसशास्त्रात खळबळ उडवली होती ती नेमकी उलट सांगून. माणूस सर्व प्रसंगांत एकसारखा वागतो ही समजूत पुराव्यावर टिकत नाही, वागणं प्रसंगागणिक बदलतं, असं त्याचं म्हणणं. मिशेल स्वतः दिवसाला तीन पाकिटं सिगारेट ओढायचे. सोडू म्हणता सुटेना. मग एकदा हॉस्पिटलात फुफ्फुसाच्या कर्करोगाचा रुग्ण स्ट्रेचरवरून नेताना पाहिला, उघड्या छातीवर किरणोपचाराच्या खुणा, आणि पुढे तल्लफ आली की ते चित्र डोळ्यांपुढे आणायचं असं त्यांनी ठरवलं. संयमाच्या जगप्रसिद्ध अभ्यासकालाही बशीवर झाकण लागलं.

पण माझ्या मुद्द्यासाठी मिशेल यांचं सर्वांत मोलाचं काम त्याहून जुनं आहे आणि ते व्हिडिओत कधी येत नाही. पन्नासच्या दशकात ते त्रिनिदादमध्ये होते. तिथे एका गावात दोन वस्त्या: आफ्रिकी वंशाच्या लोकांची, आणि उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, म्हणून नेलेल्या भारतीयांच्या वंशजांची. भारतीय म्हणत, ते लोक आजचं आज उडवतात. ते लोक म्हणत, हे भारतीय पैसा गादीखाली दडवतात, जगतच नाहीत. मिशेल यांनी मुलांना विचारलं, आत्ता छोटी गोळी घेशील की आठवड्यानं मोठी? वरवर पाहता फरक निघालाही. पण मग असं दिसलं की घरात वडील आहेत की नाहीत हे हिशेबात धरलं की वंशाचा फरक विरघळतो. मिशेल यांनी लावलेला एक अर्थ विश्वासाचा होता: शब्द देऊन तो पाळणारा पुरुष ज्या मुलानं घरात पाहिलेला नाही, त्यानं अनोळखी गोऱ्या माणसावर आठवडाभर का विसंबावं?

या "का" ची एक थेट तपासणी २०१२-१३ मध्ये झाली. अमेरिकेत रॉचेस्टरला सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २८ मुलं घेतली आणि त्यांचे दोन गट केले. आधी चित्रकला. प्रत्येकाला सांगितलं, या जुन्या खडूंऐवजी चांगले आणते, थांब. मग तसंच स्टिकरांबाबत. एका गटाला बाईंनी शब्दाप्रमाणे आणून दिलं. दुसऱ्याकडे त्या रिकाम्या हातानं परतल्या, "सॉरी, नाहीत आमच्याकडे." दोनदा. त्यानंतर मार्शमेलो. ज्यांच्याशी शब्द पाळला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना दोनदा चकवलं होतं ती तीन. पंधरा मिनिटांची पूर्ण परीक्षा पहिल्या गटातल्या १४ पैकी ९ जणांनी पार केली, दुसऱ्यातल्या १४ पैकी एकानं.

आता त्या तीन मिनिटांत खाऊन टाकणाऱ्या पोराला आपण काय म्हणणार? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग? की हातचं सोडून पळत्याच्या पाठी न लागणारा शहाणा? मराठीत दोन्ही म्हणी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. कुठली केव्हा लावायची हे समोरच्या माणसावर ठरतं. "आज रोख उद्या उधार" अशी पाटी लावलेल्या दुकानासमोर उद्याची वाट पाहत बसणाऱ्याला कुणी संयमी म्हणत नाही.

दुसऱ्या बाजूच्या मंडळींना इथे हर्ष होईल, म्हणून त्यांच्याकडे वळतो. त्यांचा आधार भक्कम आहे. २०१८ साली टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. भर होता तो आई पदवीधर नसलेल्या घरांतल्या मुलांवर, म्हणजे बिंगमध्ये जी नव्हती तीच. चौथ्या-पाचव्या वर्षीच्या थांबण्याचा पंधराव्या वर्षीच्या शालेय प्रगतीशी संबंध निघाला, पण मूळच्या निम्माच. आणि घरची परिस्थिती, मुलाची लहानपणची आकलनशक्ती हे सगळं जमेस धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश गळाला. २०२० मध्ये बिंगच्याच मुलांचा, आता चाळिशी ओलांडलेल्यांचा, अभ्यास आला. मिशेल त्याचे सहलेखक होते, प्रसिद्ध होईपर्यंत ते हयात राहिले नाहीत. नुसत्या बालवाडीतल्या मिनिटांवरून त्यांच्या संपत्तीबिंपत्तीचा अंदाज बांधता आला नाही. २०२४ च्या अभ्यासात सव्विसाव्या वर्षापर्यंतचं चित्र पाहिलं, तिथेही ठोस काही हाती लागलं नाही. तेव्हा एका बशीवरून पत्रिका मांडणाऱ्यांचं दुकान बंद झालं, हे मान्य.

पण यावरून "संयम वगैरे काही नसतं, सगळा पैशाचा खेळ" इथवर उडी मारणं चूक आहे. संयम मानणाऱ्यांचा सर्वांत भारी पुरावा मार्शमेलोचा नाहीच, तो न्यूझीलंडच्या डनेडिन शहरातला आहे. १९७२-७३ मध्ये तिथे जन्मलेल्या १,०३७ बाळांचा माग शास्त्रज्ञ अजून काढतायत. तिसऱ्या ते अकराव्या वर्षापर्यंत या मुलांचं आत्मनियंत्रण निरीक्षक, आईवडील, शिक्षक आणि पुढे खुद्द मूल, अशा सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा नोंदवलं गेलं. २०११ साली टेरी मॉफिट यांच्या गटानं बत्तिसाव्या वर्षीचा ताळा मांडला. आत्मनियंत्रणात सर्वांत खालच्या पंचमांशातल्या ४३ टक्के लोकांवर गुन्हा शाबीत झाला होता, वरच्या पंचमांशातल्या १३ टक्क्यांवर. तब्येत, पैसा, व्यसन, सगळीकडे तोच उतार. बुद्ध्यांक आणि घरची ऐपत वेगळी काढूनही तो उरला. याच निबंधात ब्रिटनमधल्या भावंडांच्या जोड्याही होत्या: छप्पर एक, आईबाप तेच, तरी पाचव्या वर्षी ज्या भावंडाचं नियंत्रण कमी होतं ते बाराव्या वर्षी अभ्यासात मागे आणि सिगारेटकडे लवकर वळलेलं. नुसतं "गरिबी" म्हणून हे झटकता येत नाही. मी झटकतही नाही.

तरी डनेडिनमधून काय निघतं ते नीट पाहू. तिथे मुलाला एका अनोळखी खोलीत एका अनोळखी बाईच्या भरवशावर तोललं नाही. आठ-नऊ वर्षं, घर, शाळा, खेळ, असंख्य प्रसंगांची ती बेरीज आहे. इतक्या प्रसंगांत एखाददुसऱ्या चुकार शब्दाचा परिणाम पुसला जातो. शिवाय ज्या मुलांचं आत्मनियंत्रण लहानपणापासून तरुणपणापर्यंत सुधारलं, त्यांचे बत्तिसाव्या वर्षीचे निकालही सुधारले. म्हणजे पाळण्यात पाय दिसले तरी पुढची चाल बदलते. आणि जे बदलतं ते कशानं बदलतं, हा प्रश्न लगेच उभा राहतो. त्याचं उत्तर मुलाच्या कवटीत जितकं आहे तितकंच त्याच्या भोवतीच्या रिवाजांत आणि दिलेल्या-पाळलेल्या शब्दांत आहे.

रिवाजाची ताकद किती, याचे दोन दाखले मला फार आवडतात. कॅमेरूनमधल्या न्सो शेतकऱ्यांच्या चार वर्षांच्या मुलांपुढे तिथले तळलेले, गुलगुल्यासारखे गोळे ठेवले. सुमारे ७० टक्के मुलं शेवटपर्यंत थांबली; जर्मनीतल्या मध्यमवर्गीय मुलांपैकी जेमतेम २८ टक्के. सगळा खेळ पैशाचा असता तर हे उलटं व्हायला हवं होतं. दुसरा दाखला २०२२ चा. जपानी मुलं खाऊसाठी बराच वेळ थांबली, अमेरिकन मुलांना ते जमलं नाही. मात्र खाऊच्या जागी कागदात गुंडाळलेली भेटवस्तू ठेवताच पारडं फिरलं: अमेरिकन मुलं शांत बसली, जपानी मुलांनी कागद फाडला. जपानात सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत घास घ्यायचा नाही ही सवय. अमेरिकेत नाताळची भेट झाडाखाली दिवसचे दिवस बांधलेलीच राहते. आता सांगा, जास्त संयमी कोण? आपल्याकडे गणेशचतुर्थीला उकडीच्या मोदकांचा वास घरभर दरवळत असताना पाच वर्षांचं पोर नैवेद्य होईपर्यंत थांबतंच की. तेच पोर एरवी बिस्किटाच्या पुड्यासाठी जमिनीवर लोळतं.

या वादातली सर्वांत घातक चूक मात्र वेगळीच आहे, आणि ती महाराष्ट्राला नवी नाही. वाट न पाहणाऱ्याच्या अंगी दोष चिकटवून शब्द मोडणाऱ्याला नामानिराळं सोडणं, ही ती चूक. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले आणि दख्खनचा उठाव पेटला. त्याआधी साहेबांच्या कचेऱ्यांत एक लाडकं स्पष्टीकरण होतं: इथला कुणबी लग्नकार्यांत आणि सणावारांत उधळतो, उद्याचा विचार त्याला नाही, म्हणून तो कर्जात. पण चौकशी आयोगालाच शेवटी लिहावं लागलं की लग्न-सणांच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय. मग खरं काय होतं? अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारानं हात सैल सोडला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, उधारी आटली. साऱ्याच्या आकारणीची तीस वर्षांची मुदत संपलेल्या जमिनींचा सारा फेरआकारणीत चढला. १८५९ च्या कायद्यानं कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली ती रयतेच्या सोयीसाठी, पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुदलात घालून नवा रोखा लिहून घेऊ लागला. असा कागद, असा सारा आणि असा बाजार समोर असताना उद्यासाठी राखून ठेवायचं ते कुणाच्या भरवशावर?

आणि शेतकऱ्याला थांबता येत नाही हे म्हणणंच मुळात विनोदी आहे. आडसाली ऊस अठरा महिने शेतात उभा असतो. पंधरा मिनिटं नव्हेत, अठरा महिने. ऊस हवाली झाल्यावर १४ दिवसांत पैसे द्या, नाहीतर व्याज द्या, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश कारखान्यांना बजावतो. आणि तरी थकलेल्या एफआरपीसाठी, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दरासाठी, दर एक-दोन हंगामांआड शेतकऱ्याला साखर आयुक्तालयावर मोर्चा न्यावा लागतो. तमिळनाडूत तर ४६४ ऊस उत्पादकांना कापणीआधी आणि कापणीनंतर तपासलं होतं. तोच शेतकरी, पण पैसे हातात येण्याआधीच्या ओढगस्तीत त्याचं लक्ष आणि विचारशक्ती चाचणीत खालावलेली दिसली. अशा वेळी त्याच्या स्वभावावर प्रवचन झोडायचं?

थांबणाऱ्यांची अजून एक जमात पुण्यात नवी पेठेत, सदाशिव पेठेत भेटते. अभ्यासिकेची खुर्ची, मेसचा डबा, खोलीत चौघं, आणि वयाची पंचविशी-तिशी. सगळी मौज पुढे ढकललेली ही पोरं संयमाच्या कुठल्याही परीक्षेत पहिल्या वर्गात यावीत. मार्च २०२१ मध्ये आधीच अनेकदा ढकललेली एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुन्हा लांबणीवर पडली तेव्हा ती रस्त्यावर उतरली. मार्शमेलोच्या भाषेत सांगायचं तर बाई परतल्याच नाहीत आणि दाराबाहेरून परतायची वेळ बदलत राहिल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यामागे १,००० रुपये काढता येत होते. त्या रांगेत उभे होते ते उधळे नव्हते. आयुष्यभर एक खाऊन दुसरा राखून ठेवणारे होते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. जग बेभरवशाचं आहे हे खरंच. मग मुलाला संयमाची सवय जास्तच लावायला नको का? शब्द मोडले जाणारच, म्हणून हातचं लगेच खाऊन टाक असं शिकवायचं? मी तसं शिकवणार नाही. पण नुसतं "थांब" म्हणून थांबायची सवय लावणं म्हणजे आज्ञाधारकपणा शिकवणं, आणि त्याला आत्मनियंत्रण म्हणायची मला घाई नाही. आत्मनियंत्रणात निवड असते. समोरचा किती वेळा खरा ठरला हे आठवायचं, पुढचं बक्षीस खरंच मोठं आहे का हे तोलायचं, मग थांबायचं ठरलं तर बशीवर झाकण घालायचं. यातली शेवटची पायरी शिकवता येते. मिशेल यांनी तीच दाखवली. पहिल्या दोन शिकायला मुलाजवळ हिशेब करण्याजोगा अनुभव लागतो. "पाच मिनिटांत मोबाइल ठेवतो आणि खेळायला येतो" असं म्हणून चाळीस मिनिटांनी मान वर करणारा बाप मुलाला हिशेबच शिकवत असतो, फक्त कुठला ते त्याच्या ध्यानात येत नाही.

मला त्या रॉचेस्टरच्या प्रयोगातलं एक मूल राहून राहून आठवतं. चकवलेल्या चौदांपैकी जे एक शेवटपर्यंत बसून राहिलं ते. खडू आले नव्हते, स्टिकर आले नव्हते, तरी ते पूर्ण पंधरा मिनिटं त्या गोळ्याकडे बघत बसलं. व्हिडिओवाल्यांच्या मोजपट्टीवर तेच सगळ्यांत अव्वल. त्याला संयमी म्हणायचं, भाबडं म्हणायचं, की त्याला फक्त भूक नव्हती, हे त्या घड्याळावरून कुणालाच सांगता येणार नाही.